रुखमाबाईनं काय खाल्लं?

१

रुखमाबाई मेली तेव्हा तिच्या दारात कण्हायला एक कुत्र्याचं पिल्लू तेवढं होतं, आणि तेही रक्त हगत होतं.

माणसं नव्हती असं नाही. पुष्कळ होती. पण माणसं कण्हायला आली नव्हती, पाहायला आली होती. उंद्रीच्या रस्त्यावरचं ते गाव, त्या गावाच्या टोकाला मजुरांची गल्ली, आणि गल्लीत शेवटचं घर कारभारीचं. त्या घरासमोर सकाळपासून अर्धं गाव उभं होतं. आत कारभारीची बायको गोधडीत गुंडाळून ठेवलेली. दोन दिवस तिला हगवण लागली होती. काल दुपारपासून नुसतं रक्त पडत होतं, आणि आज कोंबडा आरवायच्या आत ती गेली.

पोलीस पाटील इंद्रभान गर्दीतून वाट काढत आला. पोलीस पाटलाची नेमणूक त्याला नवी नवी मिळाली होती. पाच एकरांचा शेतकरी माणूस, सातवीपर्यंत शिकलेला, गावातल्या भांडणांनी आधीच वैतागलेला. त्यानं गोधडीचं टोक उचललं, पाहिलं आणि परत ठेवलं.

"पटकी हाय का काय?" त्यानं विचारलं.

"पटकी नाही, इंद्रभान." आवाज रंगरावचा होता. गावातला सगळ्यात मोठा शेतकरी, सोसायटीचा चेअरमन. अंगात पांढरीशुभ्र बंडी, पायाशी त्याची तपकिरी कुत्री राणी. "पटकी असती तर घरातले सगळेच लोळले असते. कारभारी उभा हाय, पोरं उभी हाय. हिलेच एकटीले काऊन झालं? विष देलं हिले कोनं तरी."

 मग रंगरावनं गल्लीबाहेरच्या मळ्याकडे बोट केलं.

"पुष्पाबाईनं ताक पाजलं होतं तिले, परवा. इचारा लोकायले."

विचारायची गरजच पडली नाही. पुष्पाबाईसारख्या माळणीला, त्यात विधवा, नवऱ्यामागं एकटीनं वांगी-मिरची पिकवणारी, तिला दोषी ठरवायला गावाला फार वेळ लागत नाही. तासाभरात चार गड्यांनी पुष्पाबाईला मळ्यातून ओढत आणून चावडीच्या खोलीत कोंडलं. प्रेत बैलगाडीत घालून चिरफाडीसाठी बुलढाण्याला रवाना झालं. तिथला कागद यायचा तेव्हा येणार. फौजदार मात्र उद्या सकाळी येणार होता, आणि तो आला की पुष्पाबाईला घेऊनच जाणार होता.

तेवढ्यात किराणा दुकानवाला जानराव पुढं आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पाटील, सांगावं का नाही, समजून नाही राह्यलं. पन पुष्पाबाईनं मागल्या बाजाराच्या दिवशी माह्या दुकानातून उंदराचं औषध नेलं."

२

इंद्रभान पहिल्यांदा कारभारीजवळ बसला. कारभारी भिंतीला टेकून विडी ओढत होता. डोळे कोरडे.

"भांडन झालं होतं म्हने पुष्पाबाईसंग?"

"झालं ना. आमची बकरी घुसली तिच्या वांग्यात. सकाळी शिव्या देल्या तिनं, दुपारी बलावून ताक पाजलं. आता सांग, भांडन झालेल्या बाईले कोन ताक पाजते बे?"

"तुमी काय खाल्लं होतं त्या दिवशी?"

"जे रोज खातो थेच. भाकर अन् मिरचीचा ठेचा. मी, पोरं, सगळ्याईनं खाल्लं. मले जरा मुरडा आला, पोरायचं पोट दुखलं, बस. मंग भाकरीत काय असन?"

"रुखमावहिनीनं काय खाल्लं?"

"थेच की! वेगळं काय करन थे सोतासाठी? एकाच पिठाच्या भाकरी." कारभारीनं विडी विझवली. "अन् भाकरीचं म्हनशीन तर माह्या घरी भाकर पांढरीशिप्पट लागते मले. मागं जाडीभरडी केली होती तिनं, चांगली झोडपली. तवापासून दोनदा चाळे पीठ. खोटं नाही सांगत."

बायकोचं प्रेत गाडीत चढून तास झाला नव्हता, आणि हा गडी तिला झोडपल्याचं असं सांगत होता जसं बैलाला वळण लावल्याचं सांगतात. इंद्रभानला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण गावातल्या किती जणांच्या वाजवायच्या, हा प्रश्न होताच.

मग तो चावडीवर गेला. पुष्पाबाई कोपऱ्यात बसली होती. ओढाताणीत हाताचं कोपर सोललेलं.

"आले का? घ्या, फाशी द्या," ती म्हणाली. "फौजदाराची वाट काऊन पाह्यता?"

"उंदराचं औषध काऊन नेलं होतं?"

"उंदरासाठी. गावातल्या लोकायसाठी न्यायचं असतं तर एका पुडीनं भागलं नसतं." मग तिचा आवाज उतरला. "पुडी तशीच हाय, भाऊ. कनगीमागं खोसलेली. दोरा बी नाही सुटला तिचा. अन् ताक म्हनसान तर, शिव्या देल्यावर मलेच वाईट वाटलं. एका लोट्यातून मी पेली अन् थे पेली. मी तर नाही मेली!"

"तू पेल्याचं कोनं पाह्यलं?"

"कोनं पाह्यन? मळ्यात आमी दोघीच."

इंद्रभाननं मळ्यात जाऊन पाहिलं. पुडी धान्याच्या कनगीमागं होती. दोरा न सुटलेली. पण त्यानं काय सिद्ध होतं? गाव म्हणेल, दोन नेल्या असतील.

परत येताना तो कारभारीच्या दारावरून चालला होता. खुंट्याला बांधलेलं पिल्लू पुन्हा बसलं, कळवळलं, आणि जमिनीवर लाल डाग पडला. इंद्रभान थांबला. सकाळपासून सगळे त्या पिल्लाला ओलांडून जात होते. त्यानंही ओलांडलंच होतं.

३

पिल्लाचं नाव भिंगऱ्या. रंगरावच्या राणीचंच पोटचं. राणीला पाच झाली होती. रंगरावनं दोन ठेवली, बाकीची गड्यांना देऊन टाकली. भिंगऱ्या रुखमाबाईच्या वाट्याला आलं. तीन-चार महिन्यांचं असेल. आता त्याच्या फासळ्या मोजता येत होत्या, आणि मागचे पाय आपलेच नसल्यासारखे हलत होते.

"हे कवापासून हगून राह्यलं?" इंद्रभाननं विचारलं.

"तिचं वांतीबिंती चाटलं असन त्यानं," कारभारी म्हणाला.

"कवापासून, थे सांग."

कारभारीनं डोकं खाजवलं. "तिच्या आधीपासून. हाव, आधीच. तिले लागाच्या आदल्या दिवशी यानं वसरीत घान केली होती. तिनंच काढली. म्हने, याच्या पोटात किडे झाले."

इंद्रभान उकिडवा बसला. आधी पिल्लू, मग ती. तिनं ताक प्यायच्या आधीच पिल्लू रक्त हगत होतं.

"हे मळ्यात जाये का तिच्यासंग?"

"कायले? सोडलं की रंगरावजीकडं पळे मायजवळ. म्हनून बांधेलच असे."

म्हणजे ताक नाही. पिल्लानं मळा पाहिलेला नाही आणि पुष्पाबाईचा लोटाही नाही. इंद्रभाननं एक काडी घेतली आणि जे करायची कोणाला लाज वाटते ते केलं. तो ती घाण उकरून पाहू लागला. आजूबाजूच्या दोघांनी नाक दाबलं.

"पाटील, डोकस्यावर परिनाम झाला का काय बाप्पा?"

तो काडी फिरवतच राहिला. रक्तात, आवेत बारीक बारीक पापुद्रे होते. धान्याची सालपटं. पीठ नाही, दाणा नाही. नुसता कोंडा.

"कारभारी, कुत्र्याले खायले काय टाके थे?"

"मले काय माहीत? मी जेवलो की उठतो. मांगं बाया काय करतात, मानूस पाह्यते का?"

"कोंडा कोन खाते तुह्या घरी?"

"कोंडा?" कारभारी हसलाच. "कोंडा ढोरं खातात बे. माह्या घरी ढोर नाही. एक बकरी, थे बाहेरच चरते."

इंद्रभान उठला. रक्तात कोंडा, आणि घरात कोंडा खाणारं कोणी नाही. मग कोंडा आला कुठून?

४

दिवस कलला तेव्हा तो घरी जेवायला बसला. बायकोनं, अन्नपूर्णाबाईनं, ताट वाढलं. पांढरी भाकर, वरण, कांदा. तो घास मोडणार तेवढ्यात त्याची नजर चुलीमागं गेली. तिथं टोपलीत फडक्याखाली एक भाकर ठेवलेली. काळपट, जाड, कडांना फुटलेली.

"हे काय हाय?"

"काही नाही. जेवा तुमी."

"काय हाय, म्हनलं."

"माही भाकर," ती म्हणाली, चोरी सापडल्यासारखी. "पीठ चाळलं की कोंडा उरते ना. थो कोठी टाकाव? मूठभर पीठ घातलं की भाकर होते. अर्धी माही, अर्धी कुत्र्याची."

"कवापासून खाते तू हे?"

"आता घ्या! सासूबाई खात होत्या. मंग मी खाते. सगळ्याच खातात. तुमाले आजच काऊन दिसली?"

इंद्रभानचा हात ताटातच राहिला. त्याच्या आईनं जन्मभर काय खाल्लं हे त्याला आत्ता, या वयात, एका कुत्र्याच्या हगवणीतून कळत होतं. एकाच पिठाच्या भाकरी, असं कारभारी सांगत होता, आणि खोटं बोलत नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं. कोणत्याच नवऱ्याला ठाऊक नव्हतं. पीठ एक, पण चाळणीच्या वर राहतं ते बायकोचं आणि कुत्र्याचं, खाली पडतं ते नवऱ्याचं.

पण अन्नपूर्णा रोज कोंडा खाते, आणि धडधाकट आहे. म्हणजे कोंड्यात दोष नाही. कारभारीच्या घरची ज्वारीच वेगळी असली पाहिजे. आणि त्या ज्वारीत जे काही आहे ते दाण्याच्या सालीला चिकटलेलं असलं पाहिजे. चाळल्यावर नवऱ्याला नुसता मुरडा, बायकोला मरण.

तो ताटावरून उठला. अंधार पडायच्या आत त्याला गल्ली गाठायची होती.

पहिलं घर सत्यभामाबाईचं. म्हातारी अंगणात पडलेली, गुडघे पोटाशी घेऊन.

"काय झालं, काकू?"

"काही नाही, बापा. बायायचं दुखनं."

"रक्त पडते का?"

म्हातारीनं तोंड फिरवलं. परक्या पुरुषाला हे कसं सांगायचं? मग हळूच मान हलवली.

दुसऱ्या घरात सून झोपून. नवरा म्हणाला, कामाचा कंटाळा, दुसरं काय. तिसऱ्या घरात एक बाई भिंत धरून परसाकडे चाललेली. चौथ्यात आणखी एक. इंद्रभान दारोदार तेच विचारत गेला आणि तेच ऐकत गेला. सगळ्या कोंड्याची भाकर खाणाऱ्या. आणि नवरे ओट्यावर बसून चर्चा करत होते, की पुष्पाबाईला फाशी होईल का जन्मठेप.

गल्लीत मेलेली एक होती. मरायला टेकलेल्या किती, हे कोणी मोजलंच नव्हतं, कारण बायकांचं पोट दुखतच असतं.

"काकू," तो सत्यभामाबाईकडे परत आला, "ज्वारी कोठची?"

"निंदनाची. पैशाच्या बदली पायलीनं देली आमाले. सगळ्याईले." म्हातारीनं धाप घेतली. "रंगरावजीनं."

५

ज्वारी रंगरावची, हे कळलं. पण रंगरावची ज्वारी विषारी का? मोठ्या माणसाकडे बोट दाखवायचं तर हातात काहीतरी हवं. इंद्रभान मुकाट्यानं चावडीवर गेला आणि दाराची कडी काढली.

"पुष्पाबाई, तुहा मळा रंगरावच्या विहिरीखाली. मागच्या पंधरवड्यात काही इचित्र पाह्यलं का?"

"इचित्र? मी भांडली त्याच्यासंग, थे कोनं नाही सांगतलं तुमाले?"

"काऊन भांडली?"

"पाटातून लाल पानी आलं माह्या वांग्यात. गुलालासारखं. पाटातले बेंडकं उलटे झाले. मी वर जाऊन पाह्यते तर विहिरीच्या हौदात गोन्या रिकाम्या करून गडी ज्वारी धून राह्यले. धुतात अन् वाळू घालतात. मी म्हनलं, रंगरावजी, हे काय रंग खेळता का श्रावनात? तर माह्यावर धावला. म्हने, गावात बोलली तर मळा सुकवीन."

इंद्रभाननं डोळे मिटले. सरकारनं नवीन संकरित ज्वारी आणली होती. पेरायचं बियाणं गोण्यांतून येई, लाल औषध चोळलेलं, कीड लागू नये म्हणून. गोणीवर कवटीचं चित्र. अक्षरं न येणाऱ्यालाही कळावं म्हणून. सोसायटीच्या नावावर रंगरावनं त्या गोण्या वारेमाप उचलल्या होत्या. पेरणी आटोपली, गोण्या उरल्या. फेकायच्या कशाला? लाल रंग धुतला की ज्वारी ज्वारीच दिसते. गाव तसंच समजत आलं होतं: रंग गेला म्हणजे औषध गेलं. कपड्याचा डाग जातो तसं.

"रिकाम्या गोन्या कोठी हाय?"

"जाळल्या. धूर मीच पाह्यला."

कवटी जळून गेली होती. लाल पाणी जमिनीत मुरलं होतं. बाकी होती ती पुष्पाबाईची जबानी, आणि पुष्पाबाईच आरोपी.

"बाई," इंद्रभान म्हणाला, "आजची रात अठीच राह्य. सकाळी काय ते होईन."

जाताना त्यानं गल्लीतल्या बायकांना, त्या ज्वारीला आता हात लावू नका, एवढंच सांगितलं, आणि तो सत्यभामाबाईच्या घरी थांबला. त्या ज्वारीचं पीठ त्यानं मागून घेतलं, आणि घरी जाऊन अन्नपूर्णेला दिलं. "याची चाळून कोंड्याची भाकर कर. पन खबरदार, तोंडाले हात लावशीन तर."

६

फौजदार आला तो थेट रंगरावच्या ओट्यावर चहाला बसला. सारं गाव खाली उभं. पुष्पाबाईला दोन गड्यांच्या मध्ये आणून बसवलेलं. गल्लीतल्या उठता येणाऱ्या बायकाही इंद्रभाननं आणवल्या होत्या. भिंगऱ्याला त्यानं स्वतः फडक्यात गुंडाळून आणलं होतं. पिल्लाची मान आता उचलत नव्हती.

"बोला पोलीस पाटील," फौजदार म्हणाला, "बाईनं कबूल केलं?"

"बाईनं काही केलंच नाही, साहेब. हे पिल्लू आधी आजारी पडलं, रुखमाबाई मांगून. पिल्लानं ताक पेलं नाही. दोघायनं मिळून एकच गोष्ट खाल्ली, कोंड्याची भाकर. अन् गल्लीतल्या ज्या ज्या बाईनं थे खाल्ली, थे थे रक्त हगून राह्यली. इचारा यायले. इतक्या दिवसांत कोनं इचारलं नाही."

कुजबुज सुरू झाली. कारभारी बायकांकडे पाहत होता, आयुष्यात पहिल्यांदा बाई पाहावी तसा.

"ज्वारी रंगरावजीच्या घरची," इंद्रभान म्हणाला. "बियान्याची. औषध लावलेली. धुवून मजुरीत देली."

रंगराव खदखदून हसला. "साहेब, हा माह्यावर जळते. अहो, थे ज्वारी माह्या वावरातली. माह्या घरी बी तेच खातात."

"मंग खा." इंद्रभाननं फडकं सोडलं. आत काळपट भाकर. "सत्यभामाकाकूच्या पिठाची हाय. खा चतकोर, मी तुमचे पाय धरून माफी मांगतो."

"वेडा झाला का बे? मी कोंडा खाऊ?" रंगरावनं फौजदाराकडे पाहून डोळे मिचकावले. "जनावराचं खानं हाय थे!"

"बराबर हाय. जनावराचंच." इंद्रभान खाली वाकला आणि भाकरीचा तुकडा मोडून त्यानं ओट्याखाली टाकला. "राणी, ये!"

राणी शेपटी हलवत आली. तिनं तुकडा हुंगला. तोंड उघडलं.

"राणी! हट्!" रंगराव ओट्यावरून उडी मारून खाली आला. त्यानं लाथेनं तुकडा उडवला, कुत्रीचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि बोट घालून आत काही गेलं का ते चाचपू लागला. बंडीला धूळ लागली. चहाची बशी फुटली. गाव पाहत होतं.

"काऊन हो, रंगरावजी?" इंद्रभान शांतपणे म्हणाला. "तुमच्याच वावरातली ज्वारी ना?"

"धुतली होती मी!" रंगराव ओरडला. "तीन पान्यातून धुतली होती! लाल टिपूस बी राह्यला नव्हता!"

आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते. राणीचा जबडा अजून त्याच्या हातातच होता.

 मग सत्यभामाबाई, जिला उभंही राहता येत नव्हतं, तिनं जमिनीवरूनच विचारलं, "एवढं धुतलं होतं, तर कुत्रीले काऊन नाही देलं, बापा?"

रंगरावनं राणीला आणखी जवळ ओढलं.

"म्हनून तुमाले पटकी नको होती," इंद्रभान म्हणाला. "पटकी म्हनलं असतं तर सरकारी डाक्तर घराघरात फिरला असता. बायाच्या भांडनात कोन फिरते? एक मेली, एक जेलात, संपलं."

पुष्पाबाई मोकळी झाली. फौजदारानं रंगरावला जीपमध्ये बसवलं. पुढच्या सीटवर. पुष्पाबाईला नेणार होता ती मागची. रंगराव सुटून येईल की नाही हे इंद्रभानला ठाऊक नव्हतं. त्याची फारशी आशाही नव्हती. पण गल्लीतल्या बायका त्याच दुपारी रंगरावच्याच तीन छकड्यांतून बुलढाण्याच्या दवाखान्यात गेल्या, आणि छकडे त्यांच्या नवऱ्यांनी हाकले. दोघी वाटेतच निपचित पडल्या होत्या. उरलेली ज्वारी खड्डा खणून पुरली.

भिंगऱ्याला पुष्पाबाईनं मांडीवर घेतलं होतं. तांदळाची पेज बोटानं त्याच्या जिभेला लावत होती.

"वाचन का हे, पाटील?"

"मले काय माहीत, बाई?"

पिल्लानं एकदा जीभ फिरवली. पुन्हा फिरवली नाही. ती तरीही लावत राहिली.

संध्याकाळी इंद्रभान जेवायला बसला. अन्नपूर्णेनं ताट वाढलं. त्यानं पांढरी भाकर उचलून तिच्यासमोर ठेवली, हात लांबवून चुलीमागची काळी ओढली आणि घास मोडला.

"अवो, थे माही हाय!"

तो चावत राहिला. घास तोंडात फिरत होता, खाली जाईना. कुसळं टाळूला टोचत होती.

"पानी देऊ?" तिनं विचारलं.

"नोको," तो म्हणाला. "तुह्यासारखी कोरडीच उतरू दे."